घडीच्या खुर्चीची सळी

आमच्या घरात जमीन होती, पण ती आमची नव्हती, भाजीची होती. अमडापूरच्या कडेला दोन खोल्यांचं घर. दिवस कलला की पुढच्या खोलीत मळ्यातून माल येऊन पडायचा. मेथीच्या जुड्या, पालक, वांग्यांची पोती, हिरव्या मिरचीचा ढीग, आणि त्या सगळ्यावर ओलं बारदान. मागच्या खोलीत चूल, पाण्याचे हंडे आणि आम्ही. बाबा, आई, बाबांची थोरली विधवा बहीण म्हणजे आमची आत्या, भाऊ, वहिनी, मी आणि वहिनीची दहा महिन्यांची चिमी. पहाटे भाऊ माल टेम्पोत घालून बाजाराला गेला की पुढची खोली काही तास माणसांची व्हायची, तेवढ्यात झाडणं, सारवणं, जेवणं उरकून घ्यायचं. बारदानातून ठिपकणाऱ्या पाण्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. त्या आवाजात मी दहावी केली आणि बारावीही. भाजी पिकवणाऱ्याच्या घरी भाजीची चंगळ असते असं लोकांना वाटतं. आमच्याकडे चांगला माल बाजारात जायचा आणि किडकं, फुटकं, पिवळं पडलेलं ताटात यायचं. बिनकिडीचं भरलं वांगं मी पहिल्यांदा खाल्लं ते बुलढाण्याला, होस्टेलच्या मेसमध्ये. कोणी विश्वास ठेवो न ठेवो.

रांगतं लेकरू अशा घरात ठेवायचं कुठं? आमची पद्धत सरळ होती. जुन्या लुगड्याचा काठ फाडायचा, एक टोक लेकराच्या पायाला, दुसरं खाटेच्या पायाला. भावाला तसं बांधलं, मला बांधलं, आमची आईही तिच्या माहेरी तशीच वाढली. त्यात कोणाचा दुष्टपणा नव्हता, सगळ्यांचे हात कामात होते इतकंच. पण चिमीनं एकदा ती गाठ ओढून ओढून सैल केली आणि सरपटत मिरचीच्या ढिगापर्यंत गेली. एक मिरची चावली आणि तेच हात डोळ्यांना लावले. वहिनी चुलीपुढं होती, आई अंगणात जुड्या बांधत होती, आणि मी खाटेवर बसून पुस्तक वाचत होते. चार पावलांवर. हे लिहायला मला आजही जड जातं. लेकरू निळं पडेपर्यंत रडलं. दोन दिवस डोळे सुजून बंद होते. वहिनी मला एक शब्द बोलली नाही. तिनं फक्त माझ्या हातातल्या पुस्तकाकडं पाहिलं.

मी नुकतीच बी.एस्सी. होऊन घरी आले होते आणि गावातल्या मुलांच्या शिकवण्या घेत होते. आमच्या भावकीत कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली, मुलगे आणि मुली मिळून पहिली. हे मी मुद्दाम सांगते, कारण त्या दिवसांत माझ्या डोक्यात त्याची चांगलीच हवा होती, आणि पुढं जे झालं त्यात त्या हवेचा वाटा आहे. बुलढाण्यात शिकताना मी एका साहेबांच्या घरी त्यांच्या मुलीला गणित शिकवायला जायचे. त्यांच्या स्वयंपाकघरात धाकट्या बाळासाठी उंच खुर्ची होती. बाळ तिच्यात बसून आपल्या हातानं वरणभात चिवडायचं आणि त्याची आई पोळ्या लाटायची. खुर्चीपेक्षा त्या बाईचे ते मोकळे हात माझ्या लक्षात राहिले होते. पण ती खुर्ची चांगली जाडजूड, एकाच जागी उभी राहणारी. तशी आमच्या घरी आणली असती तर मेथीला बाहेर झोपावं लागलं असतं. आम्हाला पाहिजे होती ती काम झालं की मिटणारी आणि खुंटीला टांगता येणारी. आता मोबाईलवर बोट फिरवलं की अशा खुर्च्यांची रांग लागते. तेव्हा मी तरी अशी एकही पाहिली नव्हती.

वहीची पानं जोडून मी चित्र काढायला बसले. पायांच्या दोन चौकटी, कात्रीसारख्या एकमेकींत. वर बसायची फळी, पुढं वाटी ठेवायला आडवी पट्टी, पोटाला खाटेच्या नवारीचा पट्टा. फळी मागच्या चौकटीला बोटभर लांबीच्या एका लोखंडी सळीनं अडकायची. सळी भोकात सरकवली की खुर्ची उभी, सळी उपसली की फळी सुटते आणि खुर्ची मिटते. ही सळीची युक्ती मला फार हुशारीची वाटली होती. दोन-तीन दिवस मी स्वतःवरच खूश होते.

चित्र पुरं झालं आणि माझ्या मनात संशयानं घर केलं. बाबांनी गावात सगळ्यांत आधी दोडक्याचा वेल तारेवर चढवला होता. एका हंगामात साऱ्या शिवारात तारा लागल्या आणि पहिल्यांदा कोणी केलं ते कोणाला आठवेना. बाबा म्हणायचे, "अक्कल आपली, नाव दुसऱ्याचं." हे ऐकत मी मोठी झाले. आता गावात चांगलं लाकूडकाम करणारा माणूस एकच, लक्ष्मण मिस्त्री. आमच्यापासून दोन आळ्या सोडून त्यांचं दुकान. रोज सकाळी ते आमच्या मागच्या अंगणात यायचे, बाजारात न गेलेली भाजी घेऊन जायचे. बाबा त्यांच्याबद्दल सांगायचे, "लक्ष्मणचा डोया म्हंजे फूटपट्टी. एकडाव पाह्यलं का वस्तू त्याच्या ध्यानात बसलीच." बाबा कौतुक करत होते. मी ते धोक्याची सूचना म्हणून ऐकलं.

मग मी काय केलं, तर पूर्ण चित्र कोणालाच दाखवलं नाही. चित्राचे तीन तुकडे केले. पायांच्या चौकटींचा कागद लक्ष्मण मिस्त्रींना दिला. फळी आणि पट्टी चिखलीच्या एका सुताराकडून करून घेतली, त्याला सांगितलं स्टूल आहे. सळी लोहाराकडून घडवून घेतली, त्याला तर काहीच सांगितलं नाही. भोकं मी घरीच, भावाच्या हातड्रिलनं पाडली. मिस्त्रींना मी सांगितलं होतं, बाजारात टोपल्या ठेवायला घोडी पाहिजे.

"काय व शोभे," कागद आडवा-उभा करून पाहत ते म्हणाले, "टोपल्याच्या घोडीले इतका थाट कायचा? अन् हे मिटते कायले?"

"टेम्पोत जागा नसते, काका."

"टोपलं किती वजनाचं?"

"असंन दहा-बारा किलोचं."

त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली. "टोपलं जागच्या जागी बसते नं? हालत-डुलत नाही?"

"टोपलं कायचं हालते, काका!"

"मंग ठीक हाय," ते म्हणाले, पण कागद त्यांनी अजून एकदा पाहिला. त्या पाहण्याचा मला राग आला. मला वाटलं, माणूस माप मनात टिपून घेतोय.

खुर्ची घरी जोडली, मागच्या खोलीत. वहिनीनं चिमीला बसवलं, नवार बांधली, पट्टीवर वरणात कुस्करलेली भाकर ठेवली. चिमीनं पहिला घास तोंडात घातला, दुसरा कपाळाला लावला, तिसरा माझ्या अंगावर फेकला. वहिनी भाकरी थापत होती. दोन्ही हातांनी. थापण्याचा तो आवाज न तुटता, एका लयीत येत होता, आणि मला तो फार गोड लागला. आत्या मात्र दाराला टेकून उभी. "लेकराचे पाय भुईले नाही अन् अन्न खाऊन राह्यलं. हे काय गौराई हाय का मखरात बसवाले?"

"राहू द्या नं आत्या," वहिनी म्हणाली. "पह्यल्यांदा माझी भाकर करपली नाही."

मी सगळ्यांना बजावलं की एवढ्यात बाहेर बोलायचं नाही. आत्याला तर शपथच घातली. सळी कशासाठी आहे, हेही मी वहिनीशिवाय कोणाला समजावून सांगितलं नाही.

आठवडा नीट गेला. मग एके दिवशी शिकवणीहून परत आले तर सळी उलटी होती. मी ती नेहमी उजवीकडून घालायचे, म्हणजे तिचं चपटं डोकं उजवीकडं राहायचं. त्या दिवशी डोकं डावीकडं. वहिनीला विचारलं, तिनं हातही लावला नव्हता. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी सळीवर काळा डाग दिसला, बोट लावलं तर बोटाला काळं आलं. सुताराची पेन्सिल, मी मनाशी म्हटलं. दुपारच्या आधी मी घरी नसते, वहिनी नळावर जाते, मागचं दार उघडं असतं, आणि त्याच वेळी मिस्त्री अंगणात भाजी घ्यायला येतात. मी सळीच्या तोंडाशी ज्वारीचं ओलं पीठ लिंपून ठेवलं. परत आले तर पीठ खाली गळलेलं. मला उकळ्या फुटल्या, दुःखाच्या नव्हे. आपला संशय खरा निघाल्याच्या. मधेच वहिनीचाही संशय येऊन गेला, कारण तिच्या मामांचं नांदुऱ्याला फर्निचरचं दुकान होतं. तिनं माहेरी पत्र लिहायला घेतलं तर मी पाणी प्यायच्या निमित्तानं मागून वाचून आले. पत्रात चिमीच्या दातांबद्दल लिहिलेलं होतं.

आणि एक दिवस मिस्त्रींच्या दुकानावरून जाताना भिंतीला टेकवलेले दोन पाय दिसले. माझ्याच चौकटीचे. तीच लांबी, तोच तिरकस काप. ते आतून म्हणाले, "काय व, घोडी कशी चालून राह्यली?" मी म्हटलं, "बरी आहे," आणि पुढं गेले. घरी येऊन मी चित्राचे कागद ट्रंकेत घातले आणि कुलूप लावलं.

ते बाजारादिवशी झालं. चिमी आंघोळीनंतर झोळीत झोपायची आणि खुर्ची तेवढा वेळ उघडी, रिकामी उभी असायची. त्या दिवशी ती लवकर उठली. मी शिकवणीहून नुकतीच अंगणात पाय ठेवत होते. आतून लाकूड आपटल्याचा आवाज आला, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग चिमीचं किंचाळणं. वहिनीनं तिला झोळीतून उचलून सरळ खुर्चीत बसवलं होतं. खुर्ची उभी होती म्हणजे सळी असेलच, असं तिला वाटलं. सळी नव्हती. लाकूड नवं, सांधे घट्ट, म्हणून खुर्ची नुसतीच तोल धरून उभी होती. चिमी वाटीसाठी पुढं झुकली आणि दोन्ही चौकटी मिटल्या. नवारीमुळं ती खाली पडली नाही, पण हनुवटी पट्टीवर आपटली आणि डाव्या हाताचं मधलं बोट फळीखाली चेमटलं. दवाखान्यात नेलं. हाड शाबूत होतं, नख काळंनिळं झालं होतं, नंतर गळून गेलं.

वहिनी घरी आल्यावर बोलली. इतके दिवस न बोललेलं सगळं त्यात होतं. "तुमच्या खुर्चीपरीस माझा लुगड्याचा काठ बरा होता, ताई. पोरगी मिरचीपर्यंत गेली, पण तिचं बोट तरी जाग्यावर होतं. आता माझ्या लेकराले तुमच्या शिक्षणापासून दूर ठेवा."

बाबांनी खुर्ची मिटली आणि बाहेर जळणाच्या ढिगावर टाकली. "उद्या फोडून चुलीत घाला," म्हणाले. माझ्याकडं त्यांनी पाहिलंच नाही. मला रडू येत होतं, पण रडण्यापेक्षा राग मोठा होता. मी तशीच मिस्त्रींच्या दुकानात गेले. दोघंजण दाराची चौकट न्यायला आले होते, मी त्यांच्यासमोरच बोलले.

"काका, सळी कुठं आहे?"

"कोनती सळी?"

"माझ्या खुर्चीची. तुम्ही रोज काढत होते, मापं घेत होते, उलटी लावून जात होते. आज लावायची विसरले. आमच्या चिमीचं बोट चेमटलं."

मिस्त्रींनी रंधा खाली ठेवला. "खुर्ची? कोनती खुर्ची? अन् लेकरू कोठून आलं? त्वा तं मले टोपलं सांगतलं होतं."

"टोपलं तं टोपलं. मग हे पाय कोणासाठी केले?" मी भिंतीकडं बोट दाखवलं.

"तुह्यासाठीच. बाभूय ओली होती, मनात शंका होती. एखादा पाय वाकला तं बदलून द्याव म्हून ठेवले." ते उठून उभे राहिले. आवाज चढवला नाही. "मले चोर म्हन, बाई, चार लोकाईसमोर म्हन. पन माह्या हातानं लेकराखालची चौकट करून घेतली अन् मले लेकराचं नाव सांगतलं नाही? मी इचारलं होतं, हालते का म्हून. काय म्हनली होती त्वा?"

दोघांपैकी एकजण हसला. मी परत फिरले. आणि खरं सांगते, तेव्हाही मला पटलं नव्हतं. मुरलेला माणूस आहे, असं म्हणत मी घरापर्यंत आले. आज वयाच्या या टोकाला मी तो रस्ता आठवते तेव्हा स्वतःचीच चाल मला दिसते. ताठ मान, झपझप पावलं, आणि डोक्यात एकही प्रश्न नाही.

दोन दिवसांनी वहिनीनं झोळी धुवायला काढली. झटकली तशी घडीतून काहीतरी टणकन हंड्यावर आपटलं आणि घरंगळत चुलीपर्यंत गेलं. सळी. वहिनी माझ्याकडं पाहायला लागली, मी वहिनीकडं. आत्या वांग्यांची देठं काढत बसली होती. तिनं मान वर केली आणि म्हणाली, "आन इकडं. मी पाह्यतच होती कुठं गेली म्हून."

"आत्या, ही झोळीत कशी?"

"कशी म्हंजे? म्याच ठेवली. झोपल्या लेकराच्या उशाले लोखंड पाह्यजे का नाही? आधी अडकित्ता ठेवत होती. पन पोरगी रोज उंचावर बसून राह्यली, भुईले पाय नाही. त्या खुर्चीची नजर काढाले त्या खुर्चीचंच लोखंड लागते, अडकित्त्याचं काम नाही ते. झोपली का काढाचं, उठली का लावाचं. काजयाचं बोटही लावत होती त्याले."

काजळ. मी ज्याला पेन्सिल समजले ते काजळ होतं.

"अन् त्या दिवशी?" वहिनीनं विचारलं.

"त्या दिवशी देवयात गेली होती, आरती लांबली. आली तं घरात बोंब."

"मग बोलल्या काऊन नाही?" मी ओरडलेच.

"मले कोनं इचारलं?" आत्याच्या हातात अजून वांगं होतं. "तू तं लक्ष्मणच्या मांगं लागली होती. अन् मले काय माईत त्या एवढ्याशा सळीवर खुर्ची उभी हाय! मले वाटलं, बसवली हाय दिसाले बरी म्हून. त्वा सांगतलं होतं का मले?" आणि मग तिला समजलं. वांगं तिच्या हातून सुटलं. "माय व," ती म्हणाली, "म्हंजे माह्यानं झालं?" वहिनीनं तिला जवळ घेतलं. मला कोणी जवळ घेतलं नाही, आणि ते बरोबरच होतं. आत्यानं लेकरू वाचवायला सळी काढली होती. ती काढली तर काय होईल हे घरात सगळ्यांना सांगणं माझं काम होतं, आणि मी ते गुपित करून ठेवलं होतं.

मिस्त्रींकडं जायला मला एक दिवस लागला. ते खाटेचा पाय तासत होते. मी उभी राहिले आणि जे झालं ते सगळं सांगितलं, झोळी, काजळ, आरती, सगळं. माझं चुकलं, असंही मी म्हणाले. ते तासतच राहिले. लाकडाच्या सालप्यांचा ढीग त्यांच्या पायाशी वाढत होता. शेवटी म्हणाले, "पोरीचं बोट कसं हाय?"

"नख गेलं. बाकी बरं आहे."

"पूरा कागद आन. तुकडे नको आनू."

मी ट्रंकेतून कागद काढून नेले. त्यांनी ते पायरीवर पसरले, चार कोपऱ्यांवर खिळ्यांचे डबे ठेवले आणि बराच वेळ पाहत बसले. "डोकं चांगलं हाय तुहं," म्हणाले. "पन बाजारातलं हाय, घरातलं नाही. घरात सुटी वस्तू जाग्यावर राह्यते का कधी? सळी आज झोयीत, उद्या चुलीत, परवा त्याच लेकराच्या तोंडात. जे सुटं हाय ते हरवते. मंग सुटं ठेवाचंच कायले?"

"पण सळी नाही तर फळी कशानं अडकणार?"

"ते तू सांग. ग्रॅज्युएट तू हाय."

त्यांनी टोमणा मारला होता, पण हाकलून दिलं नव्हतं. मी घरी येऊन खूप कागद खराब केले. साखळी, कडी, खटका. सगळ्यात काही ना काही सुटं निघायचं किंवा लेकराच्या हाताला लागायचं. खुर्ची अजून जळणावर पडून होती. ती फोडायचं काम बाबांनी कोणाला सांगितलं नव्हतं आणि कोणी आपणहून केलंही नव्हतं.

आत्याला वाचता येत नव्हतं. दुपारी जेवणं झाली की ती मला पोथी वाचायला बसवायची. त्या दिवशी तिनं आपलं मिटणारं लाकडी पोथीस्टँड उघडून माझ्यापुढं ठेवलं, एकमेकींत गुंतलेल्या दोन फळ्यांचं, आणि त्यावर जाडजूड पोथी. मी वाचता वाचता कोपर टेकलं. स्टँड हललं नाही, उलट जास्तच रुतून बसलं. मी तळवा दाबला. अजून घट्ट. त्यात ना सळी, ना कडी. पोथीचं वजनच त्याला धरून ठेवत होतं. आणि ते मिटायचं तर आधी पोथी उचलावी लागणार. पोथी वर असताना कोणाच्या बापाला ते मिटवता येणार नव्हतं. मी उठायला लागले तर आत्यानं मनगट धरलं. "अव, अध्याय तं पुरा कर! अर्धा सोडनं बरं नाही." मी अध्याय पुरा केला, पण त्यात काय होतं ते मला विचारू नका.

मी स्टँड दुकानात नेलं. मिस्त्रींनी ते दोनदा मिटलं, दोनदा उघडलं, आणि कागदावर रेघ मारली. फळी पुढच्या चौकटीला कायमची जोडायची, दोन्ही टोकं ठोकून बंद केलेल्या खिळ्यानं. फळीच्या मागच्या कडेला खाली उतरणारा ओठ. मागच्या चौकटीच्या दांडीला खाच. लेकरू बसलं की त्याच्याच वजनानं ओठ खाचेत बसतो. मिटायचं तर फळी आधी वर उचला, म्हणजे आधी लेकरू उचला. ओठ किती खोल ठेवायचा यावरून आमचं भांडण झालं. मी हिशोबानं अर्धा इंच म्हणत होते, ते पाऊण म्हणत होते. "तुहा हिशोब टोपल्याचा हाय," ते म्हणाले. पाऊण ठेवला. जळणावरची खुर्ची मी उचलून दुकानात नेली, आणि बदलीचे म्हणून भिंतीला टेकवलेले ते दोन पाय त्यांनी तिला बसवले. तोवर ते चांगले वाळले होते. मग तिच्यावर कांद्याचं पोतं बांधलं आणि मिस्त्रींनी ती खुर्ची पुढं, मागं, बाजूला अशी हलवली की रस्त्यावरचे लोक थांबले. "टोपलं हालत नाही म्हने!" हलवता हलवता ते ओरडत होते. "घे, हालव आता!" खुर्ची मिटली नाही.

ती मी घरी नेली तेव्हा वहिनी चुलीपुढं होती. चिमी खाटेच्या पायाला बांधलेली. वहिनीनं हात पुसले, खुर्ची आपल्याकडं ओढली आणि एकेक भाग धरून उपटून पाहायला लागली. फळी, पट्टी, खिळे, नवारीची टोकं. माझ्या शब्दावर ती एक पाऊलही पुढं यायला तयार नव्हती.

"ह्यात निंघते काय?"

"काहीच नाही."

"आत्याले सांगतलं?"

"सांगितलं. आईला, बाबांना, भाऊला, सगळ्यांना. कशानं उभी राहते, कशी मिटते. आता अंगणातच सगळ्यांकडून एकेकदा मिटवून घेतली."

तिनं पुढच्या खोलीतून सगळ्यांत मोठं कोहळं आणलं, खुर्चीत ठेवलं, नवार बांधली, आणि दोन्ही हातांनी चौकटी मिटवायचा जोर केला. पाय लावून केला. तिच्या कपाळावर घाम आला, पण चौकटी मिटल्या नाहीत. आत्या बाजूलाच उभी होती आणि कुरकुरत होती, "हे सारं खरं, पन मंग मी उशाले लोखंड कोठचं ठेवू?" जुनी सळी मी तिच्या हातात दिली. खुर्चीबरोबर दुकानात गेलेली ती मिस्त्रींनी तिच्यासाठीच परत पाठवली होती, कायमची.

वहिनीनं कोहळं खाली ठेवलं. मग खाली वाकून तिनं चिमीच्या पायाची गाठ सोडली आणि तिला उचलून खुर्चीत बसवलं. एक हात तिनं फळीखाली धरूनच ठेवला होता. भाकर तव्यावर होती. भाकरीला वाफ सुटली, करपायचा वास आला, तेव्हा तिनं तो हात काढला.

त्यानंतर लक्ष्मण मिस्त्री आणि मी मिळून तशा खुर्च्या केल्या, आधी आमच्या आळीत, मग चिखली-नांदुऱ्यापर्यंत, आणि पुढं अंगणवाड्यांसाठी. प्रत्येक फळीच्या खाली दोघांची नावं कोरलेली असायची, त्यांचं आधी, माझं नंतर; तो क्रम मी ठरवला होता. मिटून खुंटीला टांगता येणारी, एकही सुटा भाग नसलेली लहान लेकराची खुर्ची अमडापुरात आम्ही दोघांनी तयार केली.